वेबसाइटवरची पारू

त्या दिवशी आमच्या कडाव गावात असं ऊन होतं, की कोंबड्यासुद्धा पडवीत येऊन गप बसलेल्या. तिथंच आमची सून मंदा लॅपटॉप घेऊन घरच्या खानावळीची वेबसाइट नव्यानं करत होती. फ्रेमवर्क का काय ते तिलाही नवखं, म्हणून सकाळपासून वैतागलेली.

जुन्या साइटवर माझ्या बायकोचा फोटो होता. पारू चुलीपुढं भाकरी थापतेय आणि हसत मला म्हणतेय, "सरा बाजूला, करपेल!" ती वारल्यापासून रोज दुपारी मी तो मोबाइलवर बघायचो. त्या दुपारी उघडला, तर पान पांढरंफटक.

"मंदा, तुझी सासू कुठं गेली गं?"

"बाबा, जुनं मोडलंय अन् नवं अजून जमत नाय. थांबा जरा."

थांबलो. दिवेलागणीला ती ओरडली, "आल्या बघा आई!"

पारू आली खरी, पण गळ्यात झेंडूचा हार घालून. गेलेल्या माणसाचा फोटो बिनहाराचा कसा ठेवायचा, म्हणून मंदानंच तो चढवलेला. पोरीनं दिवसभर डोळे फोडलेले, तिला काय बोलणार? मी मोबाइलवर अंगठ्यानं तो हार बाजूला सारून पाहिला.

शेजारचा गणू चहाला आलेला. त्यानं मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"मंदे, हार काढ गं तो. भाकरी थापताना वैनीला अडचण होईल."