घोडपदेवच्या भिंतीचा अहवाल

…आणि वर मलाच विचारतात, "सहभाग किती झाला?" किती झाला म्हणजे? सहभाग काय किलोवर मिळतो? तुम्हाला सांगते, मी कॉलेजात कलेचा इतिहास शिकवते, शब्द जपून वापरणं हा माझा व्यवसाय आहे, आणि या एका शब्दानं मला वर्षभर जेवढं छळलंय तेवढं मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्यांनीही छळलेलं नाही!

झालं असं, की फोर्टातल्या एका विश्वस्त संस्थेनं छोटी छोटी अनुदानं द्यायचं ठरवलं. वस्तीतल्या चित्रकारानं, वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊन, वस्तीतच काहीतरी रंगवायचं. कल्पना चांगली, मी नाही म्हणत नाही. फक्त देखरेखीला एक तज्ज्ञ हवा, आणि संस्थेच्या चिटणीस पद्मजाताईंचा स्वभाव असा, की त्या फोनवर "तुला वेळ आहे का गं?" असं विचारत नाहीत, "तुझं नाव घातलंय" असं कळवतात. घातलं! माझ्या वाट्याला आली घोडपदेवची एक चाळ, तिची रस्त्याकडची लांबलचक भिंत, आणि जयवंत.

जयवंत म्हणजे दुकानांच्या पाट्या आणि मंडळांचे फलक रंगवणारा. वडील गिरणीत मागावर होते. मागाला तिथे साचा म्हणतात. त्याची योजना साधी होती. संपाआधीची शेवटची पाळी. भोंगा वाजलाय, साचे थांबलेत, आणि त्यांच्यापुढे ओळीनं उभी आहेत याच चाळीतली माणसं, नावानिशी ओळखू येतील अशी. संपाला तेव्हा पंधरा वर्षं उलटून गेली होती. मी म्हटलं, विषय उत्तम, रचना नीट, पुढे चला.

पुढे चला म्हटलं आणि सहभाग सुरू झाला! एकाला ओळीत क्रिकेटपटू हवा. का? "माणसं थांबून बघतील ना, मॅडम!" दुसऱ्याला गणपती हवा. चाळ कमिटीचे सेक्रेटरी तात्या, स्वतः गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, ते म्हणाले, "खाली देवांच्या टाइल्स बसवा, नायतर पान खाणारे दोन दिवसांत आपापला सहभाग उडवून जातील." आता मला सांगा, हे अहवालात कुठल्या रकान्यात लिहू? 'सूचना' म्हणून, की 'धोके' म्हणून?

पण खरी गोष्ट निराळीच. जयवंतनं खडूनं ओळ आखली. त्याच्या वडिलांच्या शेजारी त्यानं विठोबा आखला, वडिलांचा जोडीदार, साच्याला साचा लागून. हा विठोबा संपाच्या दुसऱ्या वर्षी "गावाहून तांदूळ घेऊन येतो" म्हणून निघाला. गावी पोचला नाही, मुंबईलाही परतला नाही. त्याची बायको गंगुबाई पहिल्या मजल्यावर राहते. कपाळाला कुंकू, हातात चुडा, आणि कोणाची काही विचारायची छाती नाही.

तर गंगुबाई खाली आल्या. हातात ओलं फडकं. चित्राकडे एकदा पाहिलं, जयवंतकडे एकदा पाहिलं, आणि विठोबाला डोक्यापासून पायापर्यंत पुसून टाकलं!

"अगो काकी, काय करतस!" जयवंत ओरडला.

"तूच सांग, भिंतीर कोण जाता? गेलेलो माणूस! माझो घोव खंय मेलो हा?"

"अगो, ह्यां नुसता चित्र आसा…"

"तुझ्या बापाक काढ, तो गेलो. माझ्या घोवाक हात लावशीत तर बघ! 'येतंय' म्हणान गेलो तो. 'जातंय' नाय म्हणालो."

आता तुम्ही म्हणाल, बाईंचा गैरसमज. मीही तसंच म्हटलं. भित्तिचित्राच्या परंपरेवर चार शब्द बोललेसुद्धा! पण त्या चाळीतल्या कुठल्याही खोलीत जाऊन पाहा. भिंतीवर फोटो असतो तो गेलेल्याचा, त्याला हार असतो. हयात माणसं ट्रंकेत, अल्बममध्ये, फार तर कपाटाच्या काचेत. हा नियम कोणी लिहिलेला नाही आणि कोणी मोडतही नाही. माझ्या चार शब्दांनी तो काय मोडणार?

बरं, मी म्हटलं, विठोबाला वगळू, बाकीचे थोडे सरकवू. सरकवू? अख्खी ओळ माझ्यावर उलटली! तात्या म्हणाले, "सरकायचं कसं, मॅडम? तिथे विठोबाचाच साचा होता. आम्ही त्याच्या साच्यावर उभे राहायचं?" म्हणजे काढायचा नाही आणि जागाही भरायची नाही! बाईंना तो मेलेला चालत नाही, गड्यांना तो नसलेला चालत नाही. जयवंतनं मग सगळी ओळ रंगवली आणि मधोमध माणसाएवढी जागा कोरी ठेवली. चुन्याची भिंत, जशी होती तशी. हे मी कुठल्या रकान्यात लिहू?

एवढ्यावर थांबलं असतं तर मी एक लांब सुस्कारा सोडून सही केली असती. पण आली खंडेनवमी! गिरणीत त्या दिवशी साच्यांची पूजा व्हायची. गिरणी बंद, साचे भंगारात गेलेले. पण भिंतीवर तर आहेत ना साचे? चाळीतल्या बायकांनी हळदकुंकू वाहिलं, खिळे ठोकून झेंडूचे हार लावले. त्यातला एक हार लोंबला आणि नेमका आला तात्यांच्या गळ्यात. रंगवलेल्या तात्यांच्या! खरे तात्या वर दाढी करत होते.

तुम्हाला सांगते, दुसऱ्या दिवशी अँटॉप हिलवरून त्यांचे चुलत मेहुणे दसऱ्याचं सोनं द्यायला आले, त्यांनी रस्त्यावरून हार पाहिला, तसेच मागे फिरले, आणि संध्याकाळी बायकोसकट, पिठलं-भाताचा डबा घेऊन, जिन्यातूनच गळा काढत वर आले, "तात्या गेला आणि आम्हाला कळवलं नाय रे!" दार उघडलं तात्यांनी. बनियनवर. मेहुणे किंचाळले, तात्या किंचाळले, डब्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. त्याच्या पुढच्या सकाळी तात्या माझ्यासमोर हजर: "मॅडम, मला पुसा."

तात्यांच्या पाठोपाठ ओळीतले हयात असलेले सगळे आले. जयवंतचा शेवटचा हप्ता चित्र पूर्ण झाल्याशिवाय मिळणार नव्हता, आणि इथे पूर्ण झालेली माणसंच पुसून मागत होती! शेवटी कोण बोललं? गंगुबाई. गॅलरीतून. "कित्याक रडतास? हार साच्याक घातलो, तुमका नाय. सुतळी आखूड करा!" सुतळी आखूड केली. माणसं भिंतीवर राहिली. कलेच्या इतिहासात हा उपाय मी कुठेही वाचलेला नाही.

मग पाहणीला आल्या पद्मजाताई. फोटोग्राफर घेऊन. कोरी जागा पाहून म्हणाल्या, "हे राहिलंय वाटतं? इथे छानसं कबुतर काढा ना, शांततेचं." घोडपदेवला! जिथे कबुतरं भिंतीवर स्वतःचं काम आपण होऊन करून जातात! ताईंना वाटलं, निदान फोटो तरी घेऊ. आणि ती जागा बरोबर माणसाएवढी, तेव्हा त्या सरळ ओळीत शिरून उभ्या राहिल्या, हसऱ्या चेहऱ्यानं.

"ओ बाय! सरका थंयसून!" वरून आवाज आला. "ती जागा रिकामी नाय हा!"

ताईंनी मला विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

मी म्हटलं, "सहभाग घेतायत."

तर आता तो अहवाल माझ्या टेबलावर आहे. 'काम पूर्ण झाले का? होय अथवा नाही.' होय लिहावं तर खोटं. फोटोत कोरी जागा दिसते आहे. नाही लिहावं तर जयवंतचा हप्ता अडकतो. मी तात्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, संप तरी कुठे पूर्ण झालाय? मागे घेतला असं कोणी जाहीर केलंय? आम्ही अजून संपावरच आहोत."

शेवटी 'नाही' लिहिलं. आणि 'काम अपुरे राहण्याचे कारण' यापुढे, अगदी स्वच्छ अक्षरात, लिहिलं: एक गृहस्थ यायचे आहेत.

वाटलं, आता तरी संस्थेत कोणी क्षणभर थांबेल, विचारात पडेल. काल पद्मजाताईंचा फोन आला. म्हणाल्या, "काही हरकत नाही गं, मुदतवाढ मिळेल. फक्त ते कधीपर्यंत येतील, तेवढी तारीख घाल."

आज सकाळपासून पेन उघडून बसले आहे. तारखेचा रकाना तर आहे हो. नेमका याच वेळेला रकाना आहे!