सुमनचं वरण आणि माझी कुजबूज

मी कुजबुजले होते, हे कुणीच खरं मानलं नाय. माझा आवाज पयल्यापासून मोठा, म्हणून काय मला हळू बोलताच येत नाय?

आमच्या छोट्या रेडिओ केंद्रात दर गुरुवारी मी बायकांचा कार्यक्रम करते. माझी मैत्रीण सुमन मुकुंदवाडीवरनं आमच्यासाठी डबा पाठवते. त्या दिवशी बोलता बोलता मी माईकपासून तोंड फिरवलं आणि आमच्या इंजिनियर वसीमच्या कानात म्हणलं, "वरण घेऊ नको, निस्तं पाणी हाय."

कार्यक्रम संपतो न संपतो तोच फोन. "कमल, माझं वरण पाणी व्हय गं? सगळ्या शहरानं ऐकलं!"

"अगं, मी कानात बोलले!"

"तू? आणि कानात? तू स्टेशनावर हाक मारलीस तर सुटलेली गाडी थांबंल!"

तिनं फोन ठेवला. तीस वर्षांची मैत्री वरणात बुडाली.

शेवटी वसीमनंच शोधून काढलं. सर्व्हरवर नवं सॉफ्टवेअर बसवलं होतं. ते मोठा आवाज दाबतं आणि बारीक आवाज उचलून मोठा करतं. मी म्हणलं, "मला नको सांगू, तिला सांग."

त्यानं फोन लावला. "मौसी, कमलमौसी खरंच हळू बोलल्या. आवाज मशीनने बढाया."

सुमन म्हणाली, "बढाया असंल. पण पाणी हाय, हे मशीनला कुणी सांगितलं?"

पुढच्या गुरुवारी डबा आला. वरण एवढं घट्ट, की चमचा उभा राहिला. झाकणावर चिठ्ठी होती: "वसीमनं पोटभर खावं. मशीनला माफी. पाणी पिऊन बसायचं ते एकट्या कमलनं."