नितीनचे शनिवार

बसा, बसून घ्या. मागच्यांनो, पुढे सतरंजीवर जागा आहे. अण्णा, काकू, वर्षावहिनी, माणच्या कंपनीतून आलेले नितीनचे मित्र, रहाटणीच्या या सोसायटीतली मंडळी. मी संपत. चाकणच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसतो. दिवसभर माणसांशी बोलणं हेच माझं काम. पण शोकसभेत कधी बोललो नाही. सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वी नितीनच्या कंपनीचा आणि सरकारचा करार झाला. कंपनीची माणसं सुट्टीच्या दिवशी, एक पैसा न घेता, आमच्याकडे कॉम्प्युटरचं काम करणार. पहिल्या शनिवारी सात-आठ जण आले. कंपनीचे टी-शर्ट घालून. फोटो निघाले. मग एकेक गळत गेला. राहिला एकटा नितीन.

थर्ड शिफ्ट करून आलेला कामगार आमच्या खिडकीपुढे दोन-दोन तास उभा असायचा. ताप अंगात, डोळ्यांत झोप. नितीननं रांगेतला नंबर त्या कामगाराच्या मोबाइलवर आणून दिला. माणूस झाडाखाली टेकायला लागला. एवढंच केलं त्यानं. पण एवढंही आमच्यातल्या कुणाला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, राव.

आता माझं ऐका. बाहेरच्या माणसाला सरकारी लॉगिन देता येत नाही. मग मी काय केलं? माझंच दिलं. चिठ्ठीवर लिहून. ऑफिसात कुणाचं काम अडलं की आम्ही असंच करतो, त्यात काही वाटत नाही. नितीन दर शनिवारी यायचा आणि कॉम्प्युटरमध्ये संपत व्हायचा. त्याचं दोन वर्षांचं सगळं काम माझ्या नावावर पडलं आहे.

मग सत्कार झाला. कंपनीच्या साहेबांचा झाला, आमच्या साहेबांचा झाला. आणि उत्कृष्ट कर्मचारी म्हणून माझा. शाल, श्रीफळ, सगळं. काम करायला आलेल्या माणसाचं नाव लिहायला त्या करारात रकानाच नव्हता. नितीन मागच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होता. खाली उतरलो तर म्हणाला, "दादा, शाल शोभतेय बरं का. वहिनींना दाखवा." मी हसलो. मला लाज वाटायला हवी होती.

एकदाच त्यानं काही मागितलं. म्हणाला, "दादा, एक पत्र मिळेल का, मी इथं काम करतो असं? कंपनीत दाखवायला नको हो. पोरगी विचारते, सगळ्यांचे बाबा शनिवारी घरी असतात, तुम्ही कुठं जाता?" मी म्हणालो, "करू की." सरकारी ऑफिसातलं 'करू की' तुम्हाला माहीत आहे. चार वेळा म्हणालो मी ते.

त्या शनिवारी सकाळी यंत्रणा बंद पडली. खिडकीवर गर्दी. मी फोन केला. तो म्हणाला, "निघालोच." अर्ध्या तासानं मी पुन्हा केला. "नितीनराव, आटपा लवकर, पब्लिक ओरडतंय." मोशीच्या पुढे कंटेनरनं त्याच्या गाडीला धडक दिली. मी घाई केली नसती तर? वहिनी, हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

नंतर कंपनीनं आम्हाला विचारलं, हा माणूस त्या दिवशी तुमच्या कामाला येत होता का? साहेबांनी रेकॉर्ड बघितलं. उत्तर गेलं, या नावाची कोणतीही व्यक्ती आमच्याकडे काम करत नव्हती. ते पत्र मी टाइप केलं. या हातांनी. नोकरीच्या भीतीनं.

आणि आता लोक वहिनींना विचारतात, "नक्की दवाखान्यातच जायचे ना ते?" मघाशी दारात अण्णांनी माझा हात धरला. म्हणाले, "लेकरू सुट्टीच्या दिवशी तिकडं कशाला गेलतं ओ?" बापाला हे विचारावं लागलं. मला तिथंच जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

अण्णा, तुमचं लेकरू दवाखान्यातच येत होतं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत होतं. त्या शनिवारी मीच बोलावलं होतं. हे मी सोमवारी साहेबांना लिहून देणार आहे. लॉगिन माझं, काम नितीनचं. नोकरी जाईल, जाऊ दे. त्यानं तो परत येणार नाही, हे मला कळतं. मला दुसरं काहीच करता येत नाही हो.

आता आपण उभे राहू. दोन मिनिटं शांतता पाळायची आहे, ती तुम्ही पाळा. मला माफ करा, मी गप्प राहणार नाही. मी आजवर गप्पच होतो. तुम्ही माना खाली घाला, मी त्याचं नाव घेत राहतो.

नितीन भगवान सोनटक्के. नितीन भगवान सोनटक्के. नितीन भगवान सोनटक्के.