आक्कासाठी दवाखाना

आमचं गाव गारगोटीच्या पल्याड, डोंगराच्या अंगाला, आन पावणं, काय सांगू तुमास्नी, थंडीत सकाळी धुकं आसं उतरायचं की शेजारच्या घरातला माणूस बी नुसता आवाजावरनं वळकाय लागायचा. मी त्या धुक्यात उभा ऱ्हायचो. नुसता उभा. आई पाण्याला पाठवायची आन मी कळशी घेऊन वाटंतच थांबायचो, कुणीकडं बगत हुतो म्हणाल तर कुणीकडंच न्हाई. मग आक्का यायची, माझी थोरली भन, माझा कान धरायची आन म्हणायची, ह्यो निम्मा हितं आन निम्मा तिकडं. तिकडं म्हंजे कुटं ते तिला बी म्हाईत नव्हतं. मला तर आजून म्हाईत न्हाई.

आई लवकर गेली. मग आक्काच आई, दुसरं काय. वडील दुसऱ्याच्या रानात राबायचे, ते दिवस मावळल्यावर घरी, तवर आक्काच सगळं. तिचं लगीन ठरलं गडहिंग्लजला, तर तिनं सासरच्यांस्नी सुपारी फुटायच्या आदीच सांगितलं, धाकटा भाऊ माझ्यासंगं येनार, चालत आसंल तर बोला न्हाईतर चा पिऊन उठा. दाजी भला माणूस, हसला, म्हणाला, येऊ दे की, घरात मानूस वाढलं तर बरंच हाय. आसा मी भनीच्या वरातीत बसून तिच्या सासरी गेलो. लोक हसायची. आक्का कुणाला भ्यायची न्हाई.

तिचा एक नेम हुता, आजून हाय. गल्लीत कुणी आजारी पडलं की बगाय जायाचं. आपली गल्ली, पलीकडची गल्ली, विहाराच्या मागची घरं, आन कुणी कोल्हापूरला दवाखान्यात आसलं तर येष्टीनं कोल्हापूरला. हातात भाकरी-कालवणाचा डबा. जाऊन उशाला बसायची आन मोठ्यांदा सांगायची की ह्यो आजार अमक्याला बी झालता, आन त्यो गेला. आजारी माणूस आदी घाबरायचा, मग डबा खायाचा, आन बरा व्हायचा. आमच्याकडं ही रीतच हाय बगा, माणूस आजारी पडला आन बगाय कुणी आलं न्हाई तर त्यो बरा झाला तरी मनात मेल्यालाच ऱ्हातो. जितकी माणसं जास्ती तितकी इज्जत जास्ती.

मी कोल्हापूरला आलो, लगीन केलं, कळंब्याच्या बाजूला खोली घेतली, आन हितं ह्या मोठ्या दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून लागलो. नाव घेत न्हाई, नोकरी हाय माझी. काचंचा दवाखाना, आत शिरलं की उन्हाळा हाय का हिवाळा तेच कळत न्हाई. माझं काम ट्रॉलीचं. वॉर्डातनं पेशंट उचलायचा, ट्रॉलीवर घालायचा, लिफ्टनं वर न्यायचा आन ऑपरेशन थेटरच्या दारात द्यायचा. मग वाट बगत बसायचं, आन झालं की परत आणायचं. माझ्यासारख्या माणसाला ह्याच्यापेक्षा बरं काम मिळालं नसतं. एकदा दुपारी कुणी नव्हतं तवा मी सवताच त्या ट्रॉलीवर उताणा पडलो, दोस्ताला म्हटलं, ढकल मला, बगू तर दे ह्यांना काय दिसतं. छतावरचे दिवे एकामागं एक येतात आन जातात, येतात आन जातात, आन तुमी कुटं चाललाय ते तुमच्या हातात ऱ्हात न्हाई. लई गोड वाटलं. भ्या बी वाटलं.

आन परत आणताना, पावणं, ती येळ मला सगळ्यात आवडती. भूल उतरत आसती. माणूस हितं नसतो आन तिकडं बी नसतो. मोठा साखर कारखान्यातला साहेब, पर भूल उतरताना म्हणाला, आई, मला शाळंला न्हाई जायाचं. एक म्हातारी बैलांस्नी हाका मारत हुती. एक बाई नुसती हसत आली, लिफ्टमदी बी हसत हुती, मी इचारलं, काय दिसतंय, तर म्हणाली, लई पाणी हाय हो, आन सगळं निळं. मी त्यास्नी जागं करत न्हाई. ट्रॉली हळू ढकलतो. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतनं कळंब्याचा तलाव दिसतो, तितं वाईच थांबतो, मग वॉर्डात नेतो. त्या येळंला कुणी म्हणत न्हाई की बिल किती झालं.

बिल मागनं येतं. जायाच्या दिवशी काउंटरवरची पोरगी फाईल देती, गोड बोलती, आन टॅब म्होरं धरती, स्टार द्या म्हणती. आता ती म्होरं उभी, तिनं चा पाजल्याला, तिच्या तोंडावर एक स्टार कसा दाबायचा? आपली माणसं मागं लाख शिव्या देतील, तोंडावर न्हाई देत. आन दुसरं आसं, एवढा पैसा घालवल्यावर वाईट हुतं म्हणायचं कसं? भावकी हसंल की. म्हणून समदी पाच दाबतात. आमचे डाक्टर वाईट न्हाईत, चांगलेच हायत, पर त्या पाचात डाक्टर किती आन चा किती ते कुणी सांगावं.

तर हे सगळं मी बगत हुतो आन मला काय फरक पडत नव्हता. मग आक्काला गाठ निघाली.

पोटात. गडहिंग्लजच्या डाक्टरनं सोनोग्राफी बगितली आन म्हणाला, कोल्हापूरला न्या, उशीर करू नका. आक्काचा पोरगा सदा रात्र न काढता माझ्या दारात आला. दाजी जाऊन बरीच वर्सं झाली, आता घरात आक्का आन सदाच. सदा म्हणाला, मामा, तुमी दवाखान्यात हायसा, तुमी सांगाल तितं नेतो. आन फोन काढला. त्यात दोन दवाखाने. एक आमचा, पाचाला टेकल्याला. दुसरा कोल्हापुरातलाच जुना, ट्रस्टचा, दगडी जिना आन लोखंडी खाटा, त्येला दोनच्या वर स्टार न्हाईत. खर्च इचारला तर आमचा दुपटीच्या बी वर. स्टाफची सवलत धरून. आमच्याकडं आणायची तर दोन्ही म्हशी इकाय लागणार, आन त्या म्हशींवरच आक्काचा दिवस उगवतो आन मावळतो.

मी त्या फोनकडं बगत बसलो. माझ्या मनात काय हुतं ते खरं सांगतो. आमच्याकडं आणली आसती तर तिची ट्रॉली मीच ढकलली आसती. तलावापाशी थांबलो आसतो. आन स्वस्तात नेली आन काय वाईट झालं, तर जन्मभर हे ऱ्हाणार, की जिनं हुंड्यासारखं मला संगं नेलं तिला मी दोन स्टारात ढकललं. मला झोप लागंना. डोळं मिटलं की रिकामी ट्रॉली दिसायची, कुणी ढकलत न्हाई आन ती आपली चाललीया.

सुट्टीच्या दिवशी मी त्या जुन्या दवाखान्याच्या आवारात जाऊन बसलो. नुसता. ते मला जमतंय. मोठं रेन ट्री हाय तितं, खाली पार, दोरीवर धुतल्याल्या चादरी वाळत हुत्या आन वाऱ्यानं आसं फुगायच्या की सगळा दवाखानाच कुटं निघालाय आसं वाटायचं. शेजारी एक म्हातारं बसलं हुतं, गारगोटीकडचंच निघालं. म्हटलं, बाबा, कसा हाय दवाखाना? म्हणालं, लई वाईट! म्हटलं, का हो? तर म्हणालं, गेटवर वॉचमन हाय, एकालाच आत सोडतोय. आमी गाडी करून आलतो, सगळं घर, सुना, व्याही, पोरं, तर म्हणतोय पास एक, मानूस एक. मी शिव्या घातल्या त्येला, पोराला म्हटलं, लिव फोनवर. म्हटलं, आन कुणाचं ऑपरेशन हुतं? म्हणालं, माझ्या मंडळीचं. म्हटलं, मग ते कसं झालं? तर म्हातारं म्हणालं, ते झालं की. चालतीया, उद्या सोडणार.

पावणं, म्या घरी येऊन सदाला म्हटलं, त्या जुन्या दवाखान्याबद्दल फोनवर लिवल्यालं वाच. त्येनं वाचलं. वॉचमन उद्धट हाय. पाहुण्यांस्नी सोडत न्हाईत. लांबनं आलो आन तोंड बगाय मिळालं न्हाई. डबा परत पाठवला. वॉचमन, वॉचमन आन वॉचमन. डाक्टरबद्दल एक वाईट शब्द न्हाई, का तर डाक्टरबद्दल कुणी लिवलंच नव्हतं. आन माझ्यासारख्याला एक गोष्ट कळत हुती, की वॉर्डात गर्दी नसली तर टाका चिघळायची धास्ती कमी. आमच्याकडं सिस्टर लोक त्यासाठी रोज भांडतात.

मी म्हटलं, तितंच न्यायची.

आक्काला सांगितलं तर ती उठून बसली. म्हणाली, मी न्हाई येत. पैशाचं ऱ्हाऊ दे, ते तुमचं तुमी बगा, पर एकच मानूस? मी ह्या गल्लीत कुणाकुणाला बगाय गेले न्हाई सांग, आन माझ्या पाळीला कुणी न्हाई? मी काय रस्त्यावर पडल्याली हाय? रडाय लागली, ती रडल्याली मी आई गेल्यावर बी बगितली नव्हती. मी म्हटलं, आक्का, मग म्हशी जातील. लई येळ ती गोठ्याकडं बगत बसली. मग म्हणाली, म्हशी गेल्या आन मी वाचले, तर सकाळी उठून करू काय? चला मग, त्या मुडद्या वॉचमनच्या दवाखान्यात चला.

ऑपरेशनच्या दिवशी अख्खी गल्ली आली. सांगितलं हुतं येऊ नका, तरी आली, वडापच्या दोन गाड्या भरून. वॉचमननं सोडलं न्हाई. मग सगळी त्या झाडाखाली बसली, डबं मांडून, आन विहारातल्या बायकांनी हळू आवाजात वंदना म्हटली. वॉचमन आला, मला वाटलं आता भांडण, तर त्यो म्हणाला, आवाज कमी ठेवा, आन पाणी तिकडं हाय. पास एक, त्यो माझ्याकडं. सदानंच दिला, म्हणाला, मामा, तुमी जावा.

पयल्यांदाच मी थेटरच्या दारात नातेवाईक म्हणून बसलो, हात रिकामे. पयल्यांदा कळलं की वाट बगणाऱ्याला भिंतीचा रंग बी दिसत न्हाई. मग दार उघडलं, एक पोरगा ट्रॉली घेऊन आला, चांगला हळू ढकलत हुता. डाक्टरीणबाई बाहेर आल्या, तरण्याच हायत, म्हणाल्या, गाठ सगळी निघाली, साधी दिसत्या, रिपोर्ट येऊ दे, पर काळजी करू नका.

आक्काची भूल उतरत हुती. मी वाकलो. मला वाटलं आईला हाक मारंल, सगळी मारतात. तिनं डोळं उघडलं, माझ्याकडं बगितलं, कपाळाला आठ्या घातल्या आन म्हणाली, आनंदा, तू कवा आजारी पडलास रं? मला कुणी सांगितलं बी न्हाई. बग, गडबडीत डबा न आणता तशीच आले. आन माझा हात धरला. म्हणाली, भिऊ नकोस, मी हाय उशाला.

एवढी माणसं मी त्या झोपेतनं आणली, पावणं, कुणी मला कवा इचारलं नव्हतं की तुला कसं हाय. मी म्हटलं, बस आक्का, आता बरं वाटतंय. आन रडलो. त्यो ट्रॉलीवाला पोरगा दुसरीकडं बगाय लागला.

दोन दिसांनी सिस्टर म्हणाली, मावशी, चालाय पायजे, तर आक्का म्हणाली, मला दुखतंय. मी म्हटलं, व्हरांड्याच्या खिडकीतनं झाड दिसतंय, खाली कोण आलंय बग. उठली की. भिंत धरत धरत गेली. खाली गल्ली उभी, समद्यांनी हात हलवले, आन ही वरनं वराडली, डबं खाऊन जावा, उपाशी जाऊ नका. सिस्टर लई रागावली. मग रोज आक्का सवताच उठायची.

आता रिपोर्ट बी साधा आला. ती गडहिंग्लजला हाय, म्हशी हायत, सकाळी धार काढती, आन परवा पलीकडच्या गल्लीत कुणाचा पाय मोडला तर डबा घेऊन गेली. मी गेलतो तवा सदा म्हणाला, आई, त्या दवाखान्याला स्टार दे की. तिनं फोन हातात घेतला, बोट पुसलं, इचारलं, वॉचमन त्योच हाय का आजून? सदा म्हणाला, आसंल की. तिनं एक दाबला. एकच. मग फोन बाजूला ठेवला, दोन्ही हात जोडले, आन डोळं मिटून म्हणाली, त्या डाक्टरीणबाईला माझं उरल्यालं आयुष्य लागू दे.

मी सदाला म्हटलं, हे लिव. त्यो म्हणाला, मामा, स्टार गेलं बी, आता काय. तर पावणं, ती डाक्टरीणबाई आज बी फोन उघडून बगत आसंल आन आक्काचा एक स्टार तिला दिसत आसंल, आन हे तिला कुणी सांगितलंच न्हाई. तुमी लिवून घेताय न्हवं, तेवढं लिवा.