खुर्च्यांची साक्ष

तोरिनोतल्या बेकरीच्या रांगेत एत्तोरेआजोबांच्या पुढे एक उरुग्वेचं जोडपं सराव म्हणून आपसातही इटालियनची मनसोक्त मोडतोड करत होतं. आजोबांनी पुढे सरकायचं सोडून कान टवकारले.

"ग्रासिएला, पोलीस येऊन गेला! आपण खरंच दिलेल्या पत्त्यावर राहतो का ते बघायला!"

"आणि घरात कोणीच नाही! गेला रहिवासाचा दाखला!"

"अगं, ऐक तर! त्याने खालच्या रोझाल्बाबाईंना विचारलं. त्या कडाडल्या, 'राहतात का म्हणून काय विचारता? रोज माझ्या डोक्यावर खुर्च्या ओढतात मेले!'"

"देव भलं करो त्यांचं! मग?"

"त्याने लिहून घेतलं. पण परवा पुन्हा येणार आहे म्हणे, खात्री करायला."

"मग होआकिन, आजपासून कपाटसुद्धा सरकवू या!"