मोर कुनाकडं बघतो

आमचं गाव खर्ड्याच्या अलीकडं, गाव कसलं, पंधरा-वीस उंबऱ्याची वाडीच म्हना. बाप दुसऱ्यांच्या विहिरी खोदायचा आन आई रोजानं जायची. आमी दोघी भनी, मी अनसूया थोरली आन सुमी धाकली, मधली दोन लेकरं ऱ्हायली न्हाईत म्हनून आमच्यात धा वर्साचं अंतर. शाळा मी बघितली ती बाहेरूनच, तवा साल-बिल इचारू नका ताई, पन त्यो मोठा दुष्काळ, बहात्तरचा म्हनत्यात त्यो, त्याच्या तोंडालाच आई गेली. चार दिवसाचा ताप आन खलास.

आईच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली आतल्या अंगाला, मोर गोंदलेला हुता. पिसाऱ्याला नऊ ठिपके, आन एक पाय जरा आखूड, गोंदताना तिनं हात वढून घेतला म्हनून. सुमीला झोप आली की ती आईच्या तळव्यावर गाल ठेवायची आन बोटानं त्यो मोर चाचपत ऱ्हायची, तशीच झोपायची. आई गेल्यावर ही पोर झोपंना. माझा हात धरायची, चाचपायची, मोर दिसंना की हात टाकून द्यायची. चुलतीचा बघितला, आत्याचा बघितला. खाईना, पेईना, गालफाडं बसली. बाया म्हनायच्या, ही बी आईच्या मागं चालली गं. काय सांगू तुमाला, त्ये ऐकलं की मी दर घडीला तिच्या नाकाफुडं बोट धरून बघायची, श्वास चाललाय का.

तवा आमी पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर हुतो, बाप खनायचा, मी पाटी वाहायची आन सुमी तिथंच लिंबाखाली बसून ऱ्हायची. तिथं दुपारच्या सुट्टीला एक गोंदनारी बाई आली, म्हातारी, कनवटीला सुयांची पुरचुंडी. बाया हसल्या, म्हनल्या खायाला न्हाई आन गोंदतंय कोन. मी गेले. कामावर खायाला सुकडी मिळायची, ती माझी दोन दिवसांची तिच्या पदरात घातली आन म्हनलं, माझ्या आईच्या हातावर हुता तसाच मोर काढ, नऊ ठिपक्यांचा, एक पाय आखूड. ती म्हनली, पोरी, आखूड पाय कोन मागून घेतं का? मी म्हनलं, मला तसाच पायजे. मग तिनं इचारलं, मोराचं तोंड कुनीकडं? मी म्हनलं, माझ्याकडं बघायचा. तिनं मान हलवली, तीन सुया दोऱ्यानं बांधल्या, काजळीत बुडवल्या आन लागली टोचायला. डोळ्यातून पानी वाहत हुतं, पन मी हात हलू दिला न्हाई.

जाताना तिनं बजावलं, हळद-तेल लाव, धुळीपासनं जप, खपली धरंल ती आपसूक पडू दे, उपटलीस तर रंग बी जाईल. आता सांगा, पाटी वाहनाऱ्या पोरीनं धुळीपासनं जपायचं म्हंजी कसं? फडकं गुंडाळलं, त्ये घामानं भिजायचं, त्यावर माती. तिसऱ्या दिवशी हात भप्प सुजला, पू धरला, मला हुडहुडी भरली. बाप कधी आवाज चढवायचा न्हाई, पन त्या दिवशी वरडला, आई गेली, आता हात घालव, मग कोन बघंल ह्या सुमीला? मला हाताचं भ्या हुतंच, न्हाई कशाला म्हनू, पन त्याच्यापेक्षा मोर पुवात वाहून जाईल ह्याचं जास्ती. त्यो इरला तर आई कशी हुती त्ये बी मी इसरंन, असं वाटायचं.

बापानं मला जामखेडला दवाखान्यात नेलं. डाक्टरनं शिव्या घातल्या, सुई मारली, पट्टी बांधली आन म्हनला, सोडायची न्हाई, भिजवायची न्हाई. सुमी रोज पट्टीजवळ यायची. मी सांगून ठिवलेलं ना, आत आईचा मोर हाय. ती हात लावायला बघायची आन मी वरडायची, नगं, लांब हो! आधीच वाळलेली पोर, तिला मीच ढकलीत हुते. धा-बारा दिवस असं. एकदा खाज सुटली तर दातात पदर धरून बसले, पन खपलीला नख लावलं न्हाई.

शेवटी खपल्या पडल्या. मोर हुता! हिरवा, नऊच्या नऊ ठिपके, पाय आखूड. दुपारच्या सुट्टीला लिंबाखाली मी सुमीला हाक मारली, ये, झोप. ती आली, तळव्यावर गाल ठिवला, बोटानं चाचपलं, आन उठून बसली. म्हनली, ह्यो आईचा न्हाई. आईचा माझ्याकडं बघायचा, ह्यो तुझ्याकडं बघतो.

मी हात वळवून बघितला. खरंच हुतं. मी आईला कायम चुलीच्या पलीकडून बघितलेलं, भाकरी द्यायला ती हात फुडं करायची तवा मोर माझ्याकडं बघायचा, म्हंजी त्याचं तोंड तिच्या मनगटाकडं, तळव्यावर निजलेल्या सुमीकडं हुतं. मी माझ्याकडं म्हनले आन त्या बाईनं माझ्या हातावर माझ्याच तोंडाकडं वळवला. आता पुसायचं कसं? मी रडाया लागले, मोठ्यानं, समद्या बायांदेखत.

सुमी बघत बसली. मग उठली, माझ्या हाताच्या फुडनं सरकत सरकत वर आली आन माझ्या दंडावर डोकं ठिवलं. तिथनं खाली बघितलं, एक बोट मोराच्या चोचीवर ठिवलं, म्हनली, आता बघतोय. आन झोपली. सुट्टी संपली, मुकादम हाका मारीत हुता, मी काय हात काढला न्हाई. बापानं माझी बी पाटी वाहिली.

आता ती कोल्हारला असती, तिला नातवंडं हायत. माझं कातडं लोंबलं, मोराची मान वाकडी झाली, ठिपके एकमेकांत गेलेत. पन ती आली की अजून जेवन झाल्यावर म्हनती, अक्के, सरक, आन दंडावर डोकं टाकती. जड झालीय लई, हाताला मुंग्या येत्यात. येऊ द्यात. झोपू दे तिला.