पाणी घ्याल?

बढतीच्या मुलाखती चालल्या होत्या त्या खोलीबाहेर, बाकावर एक्स-रे विभागातला तंत्रज्ञ फाइल मांडीवर घेऊन बसला होता. त्याचा नंबर शेवटचा. शेजारी हेडनर्सच्या जागेसाठी आलेली एक नर्स होती आणि तिच्यासोबत तिच्या सासूबाई.

“मागच्या खेपेला काय विचारलं होतं गं?”

“पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता.”

“मग?”

“इथेच, म्हटलं मी.”

“आणि त्यांनी तुला इथेच ठेवलं! आज्ञाधारक दिसतात.”

“आई, हसवू नका.”

“आत पाणीबिणी तरी विचारतात का?”

“विचारतात. मीच नको म्हणते. हात थरथरतो, पेला सांडायचा.”

“सांडला तर सांडला. फरशी त्यांचीच.”

“तीनदा नकार ऐकलाय, आई. वाटतं, माझ्यातच काहीतरी कमी असणार.”

“रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकटी सांभाळतेस, तेव्हा थरथरतो का हात?”

“तेव्हा घाबरायला वेळ कुठे असतो?”

“मग ती बाई तूच ना? की रात्री दुसरी कुणी येते?”

शिपायाने नाव पुकारलं. नर्सने केस सारखे केले आणि ती आत गेली. दार अर्धवटच लागलं.

“बसा. पाणी घ्याल?”

“हो, घेते. गार असेल तर बरं.”

बाहेर सासूबाईंनी पिशवीतून बाटली काढली. झाकण काही केल्या उघडेना. बोटं नुसती थरथरत होती. तंत्रज्ञाने बाटली घेऊन उघडून दिली.

“झाकणं हल्ली फार घट्ट बसवतात मेली,” त्या म्हणाल्या.